ज्वाळेच्या पोटातला वायू किती विरळ? लेझरनं आग मोजण्याची गोष्ट

दसऱ्याच्या आसपास सोलापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास असते: अमुक कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन उत्साहात. फोटोत अध्यक्ष आणि संचालक मंडळ, समोर पूजेचं ताट, मागे बॉयलरचं उघडं तोंड. मग गळीत हंगाम सुरू होतो आणि पुढे काही महिने ती आग धगधगत राहते. साखर कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, म्हणजे अशा आगीही आपल्याकडेच जास्त. शिवाय फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात. २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याची विमानं सुरू झाली. त्यांच्या इंजिनातही शेवटी ज्वाळाच असते.

इतकी आग आपल्या अवतीभवती असूनही तिच्याबद्दलचा एक प्रश्न फार अवघड आहे. ज्वाळेच्या आत, ठरावीक एका बिंदूवर, ठरावीक एका क्षणी वायू किती दाट आहे? तिथे काटा नेता येत नाही, भांडं नेता येत नाही. ज्वाळा तर एका जागी स्थिर उभीही राहत नाही. तरीही गेली कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत हे मोजमाप होतंय, आणि त्यासाठी वापरतात लेझरचा प्रकाश. ‘लेझर टाकून आगीची घनता काढतात’ एवढंच ऐकलं तर ते जादूसारखं वाटतं. प्रत्यक्षात त्यामागचं तत्त्व दहावीच्या विज्ञानात बसणारं आहे. ते नीट समजून घेऊ, कारण आग कमी धुरात, कमी इंधनात कशी जळेल, हा आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचा प्रश्न आहे.

घनता कशाला मोजायची?

घनता म्हणजे एक घनमीटर जागेत किती किलो वायू मावलाय, ते. समुद्रसपाटीला २७ अंश सेल्सिअसची हवा घेतली तर एका घनमीटरला साधारण १.१८ किलो भरते. हवा तापली की फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी रेणू उरतात. हे गणित करताना तापमान केल्विनमध्ये घेतात. केल्विन म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे, बस्स. दाब तोच असेल तर केल्विन तापमान जितक्या पट वाढेल, तितक्या पट घनता घटते.

आपल्याकडचंच उदाहरण बघा. जानेवारीत पहाटे १५ अंश असतात, म्हणजे २८८ केल्विन. मे महिन्यात दुपारी ४३ अंश, म्हणजे ३१६ केल्विन. दाब सारखा धरला तर मे महिन्यातली हवा सुमारे नऊ टक्के विरळ भरते. एवढ्याशा फरकानंही विमानाला उडताना धावपट्टी जास्त लागते. आता ज्वाळेकडे चला. मिथेन वायू हवेत योग्य प्रमाणात जळाला तर ज्वाळेचं तापमान १,९०० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. तिथला वायू खोलीतल्या हवेपेक्षा सातपटीहून जास्त विरळ असतो. आणि हा बदल ज्वाळेच्या कडेला एका मिलिमीटरच्या आतबाहेर घडतो: इकडे थंड दाट हवा, केसभर पलीकडे तापलेला विरळ वायू.

बॉयलरवर काम करणाऱ्यांना हे आकड्यांशिवायही ठाऊक असतं. भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन आणि धुराचे वायू बाहेर ओढणारा आयडी फॅन शेजारी उभे करून पाहिले, तर आयडी फॅन मोठा दिसतो. तापलेल्या वायूला जागा जास्त लागते. त्यात भट्टीत जळणारा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निम्मा ओलाच असल्यानं त्याची वाफही त्याच वाटेनं बाहेर पडते. ज्वाळा वर का उठते, चिमणी का ओढते, इंधन आणि हवा कुठे मिसळतात आणि कुठे मिसळायची राहून जातात, या सगळ्याच्या मुळाशी घनतेतला फरक असतो. शिवाय दाब माहीत असेल आणि घनता कळली, तर तापमान आपोआप हाती येतं. म्हणजे एका मोजणीत दोन उत्तरं.

थर्मोकपल घालून का चालत नाही?

पहिली शंका हीच येते, आणि ती रास्त आहे. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा. तो तापला की किंचित वीजदाब तयार होतो आणि त्यावरून तापमान वाचतात. साखर कारखान्यापासून बेकरीच्या ओव्हनपर्यंत सगळीकडे तो असतो आणि तिथे उत्तम काम करतो.

ज्वाळेच्या गाभ्यात मात्र त्याची गोची होते. जास्त तापमानासाठी तारा प्लॅटिनमच्या घेतात, पण प्लॅटिनमही १,७६८ अंशांना वितळतं, आणि मिथेनची ज्वाळा त्याहून गरम असू शकते. तार टिकली तरी ती स्वतः लालभडक होऊन उष्णता बाहेर फेकते, त्यामुळे खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते. ती वायूच्या वाटेत आडवी येते, तेव्हा प्रवाहच बदलतो. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर काही वायू उगाच लवकर जळतात, तो आणखी एक घोळ. सगळ्यात मोठी अडचण वेगाची आहे. तारेला तापायला आणि निवायला वेळ लागतो. खळबळणारी ज्वाळा तेवढ्या वेळात कितीतरी वेळा इकडून तिकडे झालेली असते. तार मग सरासरीसारखं काहीतरी दाखवते. ही सरासरी किती फसवी असते, ते पुढे पाहूच.

म्हणजे आपल्याला असं मापन हवं जे ज्वाळेला शिवणार नाही, वितळणार नाही आणि क्षणार्धात उरकेल. हे तिन्ही जमणारी गोष्ट म्हणजे प्रकाश.

आकाश निळं का, याचं उत्तर इथे कामाला येतं

हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की त्यातला अगदी थोडा भाग ते चहूदिशांना विखरून टाकतात. शाळेच्या पुस्तकात याला प्रकाशाचं विकिरण म्हटलेलं असतं. या लेखात मी सरळ ‘विखुरणं’ म्हणतो.

लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७१ मध्ये यामागचं गणित मांडलं. तरंगलांबी जितकी लहान तितका प्रकाश जास्त विखुरतो, आणि हा फरक चौथ्या घाताचा असतो. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि लाल प्रकाशाची ६५० धरली, तर निळा प्रकाश लालच्या चौपटीहून जास्त विखुरतो. १८९९ मध्ये त्यांनी दाखवलं की यासाठी धुळीची गरजच नाही, हवेचे रेणू पुरेसे आहेत. म्हणून या प्रकाराला रॅले विखुरणं म्हणतात.

या कथेतला पुढचा मोठा टप्पा आपल्या देशातला आहे. समुद्राचा निळा रंग म्हणजे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब, असं रॅले मानत. १९२१ मध्ये बोटीनं युरोपहून परतताना सी. व्ही. रामन यांनी त्यावर शंका घेतली आणि पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात हे दाखवून दिलं. तोच धागा धरून काम करताना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना दिसलं की विखुरलेल्या प्रकाशाचा एक अतिशय क्षीण भाग आपला रंगच बदलून येतो. हाच रामन परिणाम. १९३० चं नोबेल त्याच शोधाला मिळालं आणि २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. रामन यांचं नाव इथे नुसत्या अभिमानापोटी घेतलेलं नाही. ज्वाळेच्या मोजमापात रॅले आणि रामन यांचे प्रकाश आजही एकाच टेबलावर वापरले जातात. त्याचं कारण थोडं पुढे येईल.

यंत्रमागाच्या शेडातली तिरीप

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात सकाळी जाऊन उभं राहा. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आलेली असते, आणि ती हवेत अगदी दांड्यासारखी उभी दिसते. खरं तर आपल्याला ऊन बाजूनं दिसायला नको. ते आपल्या डोळ्यांकडे येतच नाही. दिसतं ते हवेत तरंगणाऱ्या सुताच्या बारीक तंतूंमुळे. प्रत्येक तंतू त्याच्यावर पडलेलं थोडं ऊन आपल्याकडे वळवतो. माग जोरात चालू असले की तंतू जास्त, तिरीप ठळक. सुट्टीच्या दिवशी सगळं खाली बसलेलं, तिरीप फिकी. म्हणजे तिरीप किती उजळ दिसते यावरून हवेत तंतू किती आहेत, याचा अंदाज लांबूनच, हवेला हात न लावता करता येतो.

आता उन्हाच्या जागी लेझर ठेवा आणि तंतूंच्या जागी खुद्द वायूचे रेणू. मोजमापाचं तत्त्व एवढंच. लेझरच्या वाटेवर जिथे रेणू दाटीनं आहेत तिथे रेघ उजळ दिसेल, जिथे विरळ आहेत तिथे फिकी. ज्वाळेतून जाताना ही रेघ मध्येच एकदम अंधूक होते आणि पलीकडे थंड हवेत आली की पुन्हा उजळते. तो अंधूक भाग किती अंधूक आहे, हे मोजलं की घनता मिळाली.

प्रत्यक्षात हे कसं करतात?

लेझर बहुधा एनडी-याग जातीचा असतो. त्याचा मूळ प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, १,०६४ नॅनोमीटरचा. एका स्फटिकातून नेला की त्याची तरंगलांबी निम्मी होते, ५३२ नॅनोमीटर, म्हणजे हिरवा प्रकाश. तो सतत वाहत नाही, झटक्याझटक्यानं येतो, आणि एक झटका साधारण दहा नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाइतका असतो. ज्वाळेतला वायू सेकंदाला १०० मीटर वेगानं धावत असला तरी तेवढ्या वेळात तो जेमतेम एक मायक्रॉन सरकतो. मिलिमीटरचा हजारावा भाग. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ज्वाळा जागीच थिजलेली असते.

कॅमेरा लेझरच्या वाटेला काटकोनात बसवतात. त्यातही एक पथ्य असतं. लेझरचा प्रकाश ठरावीक दिशेत कंप पावतो, आणि नेमक्या त्या दिशेनं पाहिलं तर विखुरलेला प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. म्हणून कॅमेरा त्या कंपनाच्याही काटकोनात लागतो.

मिळणारा प्रकाश किती, ते पाहिलं की या कामातली कसरत कळते. एका झटक्यात १०० मिलिज्यूल ऊर्जा असेल, तर त्यात प्रकाशकण किती? सत्तावीसवर सोळा शून्यं. खोलीच्या तापमानाची हवा एका सेंटिमीटर अंतरात त्यातल्या साधारण ८० लाखांमागे एकाला विखुरते. मिलिमीटरभर लांबीचा विचार केला तर एका झटक्यात सुमारे साडेतीन अब्ज प्रकाशकण चहूदिशांना जातात, आणि लेन्सच्या तोंडात त्यातला शंभरातला एखादा शिरतो. ज्वाळेत घनता सातपट कमी, म्हणजे हाती येणारा प्रकाशही सातपट कमी. बाकीचा सगळा प्रकाश सरळ पुढे निघून जातो आणि काळ्या पेटीत मुरवावा लागतो. नाहीतर बर्नरच्या चकचकीत कडेवरून परतलेली एखादी तिरीप रेणूंच्या प्रकाशाला गिळून टाकते. म्हणून अशा प्रयोगाच्या टेबलावर जे दिसेल ते काळं रंगवलेलं असतं, स्क्रूची डोकीसुद्धा.

मापाला आधारही लागतो. आधी ज्वाळा न पेटवता स्वच्छ, खोलीच्या तापमानाची हवा सोडतात आणि कॅमेऱ्यात किती प्रकाश आला ते नोंदवतात. या हवेची घनता ठाऊक असते. मग त्याच जागी हेलियम सोडतात. हेलियम हवेच्या साधारण सत्तराव्या भागाइतकाच प्रकाश विखुरतो, म्हणून त्या वेळी जे काही दिसतं ते बहुतेक भिंतींवरून, काचांवरून आलेलं चुकार असतं. ते वजा करायचं. मला या सगळ्या पद्धतीत ही हेलियमची पायरी फार आवडते: साधी, स्वस्त, आणि आपल्या आकड्यात खोटं किती मिसळलंय हे आधीच सांगून टाकणारी. त्यानंतर ज्वाळा पेटवायची. प्रकाश सातव्या भागावर आला, तर घनता सातव्या भागावर आली. दाब खोलीतलाच आहे, म्हणजे तापमान सातपट: ३०० केल्विनचे २,१०० केल्विन.

लेझर दंडगोल लेन्समधून पसरवून त्याचा पातळ पडदा केला, तर एका बिंदूऐवजी ज्वाळेचा अख्खा छेद एका फोटोत येतो.

पण ज्वाळेत सगळीकडे एकच वायू थोडाच असतो?

ही शंका सगळ्यात महत्त्वाची, आणि पद्धतीची खरी परीक्षा इथेच होते. यंत्रमागाच्या शेडात सगळे तंतू सारखे असतील तर तिरिपीवरून मोजणी जमेल. निम्मे तंतू जाड आणि निम्मे तलम असतील तर हिशेब चुकेल. वायूंचंही तसंच आहे, प्रत्येकाची विखुरण्याची ताकद वेगळी. नायट्रोजनला १ धरलं तर हायड्रोजन साधारण ०.२२, पाण्याची वाफ ०.७, मिथेन २.२, कार्बन डायऑक्साइड २.४ आणि प्रोपेन तब्बल १३. घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्या गॅसची थंड धार लेझरसमोर सोडली तर ती हवेपेक्षा कितीतरी उजळ दिसेल, आणि ती त्या प्रमाणात दाट आहे असं मानणं साफ चूक ठरेल.

मग करायचं काय? काही वेळा निसर्गच मदत करतो. मिथेन आणि हवा आधीच बरोबर प्रमाणात मिसळून जाळली, तर मिश्रणात मिथेन साडेनऊ टक्के असतो. जळण्याआधी या मिश्रणाची सरासरी ताकद नायट्रोजनच्या साधारण १.०९ पट येते. जळाल्यावर मिथेन संपतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते; एकाची ताकद जास्त, दुसऱ्याची कमी, आणि सरासरी पुन्हा १.०८ च्या आसपास. मुख्य वाटा नायट्रोजनचा, आणि तो तर तसाच राहतो. म्हणजे अशा ज्वाळेत प्रकाश घटला की तो घनतेमुळेच घटला, हे एक-दोन टक्क्यांच्या चुकीत धरून चालता येतं.

जिथे इंधन आणि हवा वेगवेगळे येऊन ज्वाळेतच मिसळतात, तिथे हे जमत नाही. तिथे संशोधकांनी इंधनच जुळवून घेतलं. डीएलआर या जर्मन संस्थेच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ज्वाळांत २२.१ टक्के मिथेन, ३३.२ टक्के हायड्रोजन आणि ४४.७ टक्के नायट्रोजन असं मिश्रण असतं. वरचे आकडे घालून गुणाकार करून पाहा: मिथेनची जादा ताकद हायड्रोजनच्या कमी ताकदीनं फिटते आणि बेरीज जवळपास १ येते. म्हणजे हे इंधन लेझरला हवेसारखंच दिसतं.

आणि तिसरा मार्ग रामन यांचा. रामन प्रकाशात प्रत्येक वायू आपापला वेगळा रंग देतो. नायट्रोजनचा वेगळा, मिथेनचा वेगळा, वाफेचा वेगळा. त्यावरून त्या बिंदूवर कोणता वायू किती, ते कळतं, आणि मग रॅलेचा हिशेब दुरुस्त करता येतो. अडचण अशी की रामन प्रकाश रॅलेच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच असतो. त्यासाठी जबर लेझर, उत्तम कॅमेरे आणि भरपूर चिकाटी लागते. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या सँडिया प्रयोगशाळेनं दोन्ही एकत्र वापरून ज्वाळांचे तपशीलवार नकाशे तयार केले आणि ते जगभरच्या संशोधकांसाठी खुले ठेवले. त्यातली एक प्रसिद्ध ज्वाळा २५ टक्के मिथेन आणि ७५ टक्के हवेच्या मिश्रणाची आहे. तिच्या आकड्यांवर आजही नवी संगणकीय गणितं तपासून पाहिली जातात. असा डेटा खुला ठेवणं ही मला त्या मोजणीइतकीच मोलाची गोष्ट वाटते.

धूळ आणि काजळीचं काय?

तिरिपीचं उदाहरण इथे उलटतं. शेडात आपल्याला तंतूच दिसतात, हवेचे रेणू दिसत नाहीत, कारण तंतूंच्या झगमगाटापुढे रेणूंचा प्रकाश नगण्य असतो. प्रयोगशाळेत हेच तंतू शत्रू होतात. तरंगलांबीपेक्षा बराच लहान कण घेतला, तर त्याचा व्यास दहापट होताच तो दहा लाखपट प्रकाश विखुरतो. त्यामुळे हवेत धुळीचा एक कण आला की फोटोत पांढरा ठिपका उमटतो आणि तेवढी जागा वाया जाते. म्हणून हवा आणि इंधन बारीक गाळण्यांतून नेतात. काजळीनं पिवळी झालेली ज्वाळा मात्र गाळता येत नाही. काजळी तिच्या आतच तयार होते.

त्यावर एक देखणा तोडगा प्रिन्स्टन विद्यापीठात १९९० च्या सुमारास रिचर्ड माइल्स आणि वॉल्टर लेम्पर्ट यांनी काढला. धुळीचा कण रेणूच्या मानानं अवजड. तो प्रवाहाबरोबर संथ जातो, म्हणून त्याच्यावरून येणारा प्रकाश जवळपास मूळच्याच रंगाचा असतो. रेणू मात्र सैरावैरा धावत असतात, नायट्रोजनचा रेणू खोलीच्या तापमानालाही सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगानं. त्यामुळे त्यांच्याकडून येणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित इकडेतिकडे पसरतो. आता कॅमेऱ्यापुढे आयोडीनची वाफ भरलेली काचेची नळकांडी ठेवायची. आयोडीनची वाफ हिरव्या प्रकाशातल्या काही ठरावीक, अतिशय अरुंद छटा शोषून घेते. लेझर नेमका अशा एका छटेवर लावला, की धुळीचा आणि भिंतींचा प्रकाश त्या जांभळट वाफेत अडकतो आणि रेणूंचा पसरलेला प्रकाश दोन्ही कडांनी निसटून कॅमेऱ्यात पोहोचतो. किती निसटला, हे तापमानावर आणि दाबावरही अवलंबून असतं, त्यामुळे पुढचं गणित किचकट होतं. तरी थोड्याफार काजळीच्या ज्वाळेत मोजमाप शक्य झालं ते याच युक्तीमुळे.

लेझरच ज्वाळेला तापवणार नाही का?

साधारणपणे नाही. हवेला, मिथेनला, वाफेला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश पारदर्शक असतो. ते तो शोषून घेत नाहीत. लेझर फार बारीक बिंदूवर एकवटला तर हवेतच ठिणगी पडते, म्हणून किती एकवटायचा याची मर्यादा पाळतात. डोळ्यांना मात्र हा प्रकाश अत्यंत धोक्याचा. चकचकीत पृष्ठभागावरून परतलेला एक झटकाही दृष्टी घालवू शकतो. खास चष्म्याशिवाय त्या खोलीत कुणाला जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मग आमच्या बॉयलरवर हे कधी बसणार?

बसणार नाही. बगॅसच्या भट्टीत राख उडते, ओली वाफ असते, पेटलेले तुकडे तरंगत असतात. कोळशाच्या भट्टीतही तीच गत. तिथे रॅलेचा प्रकाश सापडणं अशक्य. तिथे धुरातला ऑक्सिजन मोजणारी उपकरणं, थर्मोकपल, आणि वायू ठरावीक रंगाचा प्रकाश किती शोषतो हे पाहणारे छोटे डायोड लेझर, हीच साधनं कामाची.

रॅलेच्या मापनाचा उपयोग होतो तो भट्टी कागदावर असताना. आज मोठा बर्नर असो की विमानाचं इंजिन, आधी ते संगणकावर जाळून पाहतात. पण खळबळणारी ज्वाळा संगणकाला पूर्ण सोडवता येत नाही. बऱ्याच ठिकाणी अंदाज घालावे लागतात. हे अंदाज बरोबर की चूक, हे ठरवायला बिंदूबिंदूचे, क्षणाक्षणाचे खरे आकडे लागतात. स्वच्छ, लहान ज्वाळेवर लेझरनं घेतलेले आकडे ते काम करतात.

सरासरी किती फसवते, ते इथे पाहू. ज्वाळेच्या कडेचा एक बिंदू घ्या. समजा तिथे निम्मा वेळ २७ अंशांची थंड हवा असते आणि निम्मा वेळ १,५२७ अंशांचा तापलेला वायू. खरं सरासरी तापमान ७७७ अंश. आता कुणी तिथली सरासरी घनता काढली आणि तिच्यावरून उलट तापमान काढलं, तर उत्तर येईल २४१ अंश! दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर, पण घनता आणि तापमान एकमेकांच्या व्यस्त असल्यानं सरासरी काढण्याचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. म्हणून प्रत्येक झटक्याचं तापमान वेगळं काढायचं आणि मग सरासरी घ्यायची. झटका दहा नॅनोसेकंदांचा असल्यामुळेच हे शक्य होतं.

याचा संबंध थेट आपल्या श्वासाशी आहे. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन भट्टीत एकत्र येऊन नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. धुरक्याला आणि श्वसनाच्या त्रासाला ते कारण होतात. उष्णतेनं होणारी ही घडण साधारण १,५०० अंशांच्या वर झपाट्यानं वाढते. वरच्या उदाहरणातली ७७७ अंशांची सरासरी पाहून कुणी म्हणेल, इथे चिंता नाही. प्रत्यक्षात निम्मा वेळ तो बिंदू धोक्याच्या उंबरठ्यावर असतो. किती वेळ, किती जागेत, किती गरम, हे कळल्याशिवाय कमी प्रदूषणाचा बर्नर बनत नाही.

हायड्रोजन आला की हिशेब बदलतो

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचं उद्दिष्ट आहे. हायड्रोजन जळताना काजळी होत नाही, म्हणजे लेझरसाठी ज्वाळा स्वच्छ मिळते. पण त्याची विखुरण्याची ताकद नायट्रोजनच्या पाचव्या भागाइतकीच, तेव्हा थंड हायड्रोजनची धारही फोटोत तापलेल्या वायूसारखी अंधूक दिसते. मिश्रण कळल्याशिवाय तिथे रॅलेचा आकडा वाचायचा नाही, सोबत रामन हवाच. शिवाय हायड्रोजनची ज्वाळा मिथेनपेक्षा कितीतरी वेगानं पसरते आणि बर्नरच्या नळीत मागे शिरू शकते. ती कुठे आणि का मागे शिरते, हे पाहायला सेकंदाला दहा झटके देणारा नेहमीचा लेझर अपुरा पडतो. त्यासाठी थोडा वेळच का होईना, सेकंदाला दहा हजार झटक्यांच्या वेगानं मारा करणारे लेझर तयार झाले आहेत आणि त्यांनी ज्वाळेतल्या तापमानाचे सलग चलचित्रपट घेतले जातात.

गॅस टर्बाइनमध्ये तर दाबही वातावरणाच्या वीस-तीस पट असतो. तिथे एक गोष्ट फायद्याची ठरते: दाब वाढला की तेवढ्याच जागेत रेणू वाढतात आणि विखुरलेला प्रकाशही त्याच पटीत वाढतो. अडचण उरते काचेच्या खिडकीची. ती तेवढा दाब आणि उष्णता सोसेल इतकी जाड हवी, आणि लेझर आत जाताना तिच्यावरून परतणारा प्रकाश रेणूंच्या प्रकाशावर कुरघोडी करणार नाही इतकी स्वच्छही हवी.